बकरी चालते, कोंबडी नाही

नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे आले त्याला दोन महिने झाले होते. राहू का, असं मी विचारलं नव्हतं आणि राहा, असं आईही म्हणाली नव्हती. मग मी केशोरीच्या बाजारातून बारा गावठी पिल्लं आणली. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला पाहुणी कोण म्हणेल, एवढाच माझा बेत.

पिल्लं खोक्यात चिवचिवत होती आणि खुराड्याला जागा ठरत नव्हती. घरामागची सांदवाडी तशी ऐसपैस. पण न्हाणीजवळ म्हटलं तर आई म्हणे चिखल, कुंपणाजवळ म्हटलं तर मुंगूस. बरं, मान्य. राहिला पूर्वेचा कोपरा. उंच, कोरडा, सकाळचं ऊन येणारा. देवानं खुराड्यासाठीच केलेला.

"तिथं नाई," आई म्हणाली.

"काऊन?"

"नाई म्हटलं ना."

"मंग बकरी बांधू?"

"बकरी बांध ना."

माझं डोकंच चालेना. बकरीनं तिथं लेंड्या टाकलेल्या चालतात आणि मूठभर पिल्लं नकोत? जागा वाईट म्हणावी तर बकरीला ती चांगली कशी? कोंबडीच नको म्हणावं तर अंडी सगळ्यांत चवीनं आईच खाते. दोन दिवस हाच घोळ. तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलंसं वाटलं. तिला कोंबड्या नाही, मी नको होते. बकरी काय, दोरी सोडली की निघाली. खुराडा रोवला की बाईही रोवली.

रागाच्या भरात सब्बल उचलली आणि त्याच कोपऱ्यात खांबाचा खड्डा खणायला लागले. तीन-चार घाव बसले नाहीत तोच आई गुडघे धरत आली आणि खड्ड्याशेजारी फतकल मारून बसली.

"कायले खनून राहिली? तू झाली तवा तुयी नाळ-वार इथंच गाडली म्या. कोंबड्या उकरून काढतीन ना!"

मी सब्बल खाली ठेवली. बकरी जमीन उकरत नाही. इतकं साधं होतं, आणि मी काय काय समजून बसले होते!

"अन् भावाची?"

"तो त गोंदियाच्या दवाखान्यात झाला. त्याची कुठं टाकली, कोनाले मालूम."

बेचाळीस वर्षांत तिथं काही उरलं नसेल हे मला कळत होतं, तिलाही कळत असावं. पण ती उठेना. मी हातांनीच माती लोटून खड्डा बुजवला. तेव्हा कुठे ती उठली, तिच्या वांग्यांच्या वाफ्यात गेली आणि फुलावर आलेली झाडं उपटायला लागली.

"इथं कर. अन् मोठा कर. बारा पिल्लांचा काय करतं? पुढच्या साली कोंबड्या वाढतीन."

पुढच्या साली मी इथं असणार, हे ती धरूनच चालली होती. मी तिच्या शेजारी बसून झाडं उपटू लागले आणि मला रडू आवरेना.