वाफ्याबाहेर उभं राहून

बडनेऱ्याच्या खुशालरावांना बायकोची बोलणी खाल्ल्याशिवाय चहा गोड लागत नसे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर हाच उद्योग. परसातल्या कोथिंबिरीच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत सांबाराच्या, वाफ्यात मुद्दाम पाय द्यायचा, की पार्वताबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. गोड बोलणं या माणसाला उभ्या जन्मात जमलं नाही; बायकोला छळणं हीच त्याची माया.

पुतण्या विपुल अमरावतीत मोबाइलचे गेम बनवतो. एका गेममधल्या म्हातारीला त्याने काकूंचा आवाज दिला. खेळणारा जसा वागेल, तशी म्हातारी बोलणार.

"काकू, कोनं वाफा तुडवला तं काय म्हनसान?" रेकॉर्डिंग सुरू करून त्याने विचारलं.

पार्वताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि सुनावलं, "अजी, डोये फुटले काय? माया सांबारावर काहून पाय देऊन राहिले?"

पुढच्या उन्हाळ्यात पार्वताबाई गेल्या. खुशालराव गेम शिकले ते एवढं ऐकायला. रोज गेममधला वाफा तुडवायचा, रोज ते नवऱ्यासाठीचं "अजी" ऐकायचं. घरात पुन्हा कोणीतरी रागावणारं आलं होतं.

एके दिवशी म्हातारीने तोंड फिरवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. खुशालरावांनी वाफा तुडवून पाहिला, दार ठोठावून पाहिलं. ती बोलेना. त्यांनी विपुलला बोलावून घेतलं.

"काकाजी, ते म्हातारी सारं ध्यानात ठेवते. लय तरास झाला का बोलनंच सोडते," विपुल ओशाळून म्हणाला. "रुसवा काढाची सोय मी ठेवलीच नाई. आता खेळ नव्यानं सुरू करा लागते. पन या खेपेले वाफ्याच्या भायेर उभं राहून आवाज द्या. काकूनं लय गोड बोलून ठेवलं हाये."

"गोड?" खुशालरावांना ठाऊकच नव्हतं.

खेळ नव्याने सुरू झाला. ते वाफ्याबाहेर थांबले, आवाज दिला. म्हातारी हसत बाहेर आली.

"या, बसा. च्या घेऊन जा. कोन्या गावचे व्हय तुमी?"

आवाज तोच होता. पण "अजी" नव्हतं. खुशालरावांना रडू आवरेना.

"बडनेऱ्याचा," ते मोबाइलला म्हणाले. "तुयाच घरचा व्हय ना वं."

म्हातारी हसत उभी राहिली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "कोन्या गावचे व्हय तुमी?"