सात छर्रे निघाले

मी तोंडाची फटकळ, आमच्या वस्तीवर कुणालाबी विचारा. पण एका गोष्टीवर मी वीस वर्षं तोंड शिवून बसले. त्यापायी माझा नवरा एमआरआयच्या मशीनात गेला असता अन् कदाचित तिथंच संपला असता.

आमी मेंढरंवाले. शिरूर कासारच्या अंगाला आमची वस्ती, तीबी पाटलाच्या बांधाला. पाटील म्हंजे गावातला बडा जमीनवाला, आता पुढारी झालाय. रान मोकळं झालं की त्याच्या वावरात आमची मेंढरं बसायची. लेंडीखत त्याला, ज्वारी आमाला.

वीस वर्षांमागं एकदा मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली. पाटलानं पारावर चारचौघांत आमच्या धन्यांच्या मुस्काटात हाणली. धनी तापट, त्यांनी उलट्या हातानं अशी ठेवून दिली की पाटलाचा दात पडला. रक्ताची गुळणी थुंकत पाटील म्हणाला, "तुला जित्ता ठेवला तर बापाचं नाव लावायचा न्हाई." मी तिथंच होते, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन.

त्याच दिवशी, दिवस मावळताना, बार झाला. पाटलाकडं लांडगं मारायला ठासणीची बंदूक होती. तिच्यात सायकलच्या चाकातले लोखंडी छर्रे भरायचा. कशी ठासायची ते धन्यांनीच त्याला शिकवलेलं. मी पळत गेले तर धनी मेंढरांच्या जाळीपाशी पालथे पडलेले. सदऱ्याची पाठ लालभडक, अन् बाजूला मेंढरं बावरून वरडत होती.

"दवाखाना नको. पोलीस येतील," धनी म्हणाले. मग काय करणार होते मी! मेंढरांच्या खुरातला काटा काढायचा चिमटा चुलीत तापवला, धन्यांच्या तोंडात त्यांचाच पटका कोंबला आन् पाठीवर बसले. मांसात चिमटा खुपसायचा, फिरवायचा, टणक लागलं की वढायचं. धनी खालची माती नखांनी उकरत होते. सात छर्रे निघाले. आणखी काय हाताला लागेना, आन् माझ्या अंगात दमच राहिला न्हवता. मी म्हणलं, निघाले समदे. आत अजून असतील ही शंका मनातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाटील आला. धन्यांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "लांडगा समजून झाडली रं! अंधुक होतं, दिसलं न्हाई." संगं ज्वारीचं पोतं. धन्यांनी मानलं. पोलीस आले तवा ह्यांनी, तारंच्या कुंपणावर पडलो, असं सांगितलं.

मला कधीच पटलं न्हाई. "दोन पायांवर चालणारा लांडगा असतो का हो?" असं म्हणलं की धनी भडकायचे. "माणूस चुकतो. त्यो माझ्या पायावर रडलाय." एकदा ह्याच बोलण्यावरून काठी घेऊन मला बडव बडव बडवलं. हाताचं हाड मोडलं माझं. मग मीबी गप झाले. अन् खोटं कशाला बोलू, पाटलाची ज्वारी मीबी खाल्ली.

यंदा धन्यांना चढ चढताना छातीत कळ यायला लागली. मेंढरामागं चार पावलं टाकली की छाती आवळायची, घाम सुटायचा. बीडच्या डॉक्टरानं ईसीजी काढला, पण त्याला नक्की उमगंना. म्हणाला, काळजाचा एमआरआय करू. सुईतून औषध देऊन काळीज पळवायचं आन् फोटो काढायचे. कुठल्या भागाला रक्त कमी पडतंय, कुठला भाग मेलाय, कुठला अजून जिता हाय, समदं दिसतंय. त्यावरून रक्ताची नळी तुंबलीय का ते कळतंय. मला एवढंच कळलं की धन्यांचा जीव त्या फोटोवर हाय.

पाटलानं स्वतःहून जीप काढली. फॉर्मबी त्यानंच भरला. मशीनवरच्या पोरीनं धन्यांच्या कानातली बाळी काढली, करदोडा काढला, गळ्यातला ताईतबी काढून माझ्या हातात दिला. मग दारात थांबवून विचारलं, "काका, अंगात लोखंडाचं काही आहे का? गोळी, छर्रा, काहीही?"

"न्हाई. लिहिलंय मी," पाटील म्हणाला.

"न्हाई," धनी म्हणाले.

"नीट आठवा. आत मोठं लोहचुंबक आहे, ते कधीच बंद नसतं. अंगात लोखंड असेल तर ते जागचं हलतं. काळजाजवळ असेल तर जीव जाईल."

मी पाटलाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. आगं बाई, ह्यो माणूस दुसऱ्यांदा मारायला निघालाय!

"थांब पोरी! ह्यांच्या पाठीत छर्रे घुसलेले!"

"गप बस!" धन्यांनी हात उगारला.

"मारा! घरी जाऊन दुसरा हात मोडा, पण आत जाऊ नका!"

पोरीनं दार लावून घेतलं. "किती आहेत?"

"सात मी काढले. भरले किती होते ते मला काय ठावं!" असं म्हणत मी पाटलाची गचांडी धरली. कडक इस्त्रीची खादी, टरकन फाटली. "ह्याला विचारा! बोल की मुडद्या, किती भरलते?"

"सोड, लोक बघत्यात."

मी त्याच्या थोबाडात दिली. दुसरी दिली. शिपाई धावत आला, तरी गळपट सोडलं न्हाई. "किती भरलते?"

"नऊ," पाटील म्हणाला.

एक्स-रे काढला. दोन पांढरे ठिपके, एक बरगडीत आन् एक काळजाच्या अगदी जवळ. एमआरआय व्हायचा न्हाई, म्हणाले, आता हाताच्या नसंतून तार घालून तपासू. पुढं ते झालं, नळी तुंबलेली निघाली, तिथं स्प्रिंग बसवली. धनी आज मेंढरामागं हिंडत्यात. एस्टीनं घरी आलो आमी.

पण त्या दिवशी एक्स-रे बघून मी रडत होते. धनी उघड्या अंगानं बाकावर बसून पाटलाकडं नुसते बघत होते. मग हळूच म्हणाले,

"लांडग्याला पाच पुरतात. मीच शिकवलं होतं तुमाला. नऊ कशाला भरले, पाटील?"