डावी किडनी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसईतल्या एका सोनोग्राफी क्लिनिकमध्ये मी परीक्षेचा पेशंट झालो. तिथले डॉक्टर माझे शेजारी. ते मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायलाही जात. मला जन्मापासून एकच किडनी आहे, उजवी. हे त्यांनीच शोधलं होतं आणि पुढच्या तपासण्यांत ते पक्कं झालं होतं.

"तुम्ही पत्रकार, माहिती बाहेर काढता. आज दाबून ठेवा," ते म्हणाले.

दाबून ठेवायला लघवीही होती. ओटीपोट नीट दिसावं म्हणून मला तांब्याभर पाणी पाजलं होतं.

रेडिओलॉजी शिकणारे तिघे परीक्षेला होते. काम एकच, दोन्ही किडन्या शोधून मोजायच्या. जो उतरेल, तो यापुढे संध्याकाळी डॉक्टरांच्या जागी मशीनवर बसणार होता.

पहिल्याने दोन्ही मोजल्या. त्याची डावी किडनी म्हणजे शेजारचाच अवयव, माझी प्लीहा होती. दुसऱ्यानेही तेच केलं. डॉक्टर दोघांना "ठीक" एवढंच म्हणाले.

तिसरी एक मुलगी, वसईच्याच पाचूबंदरची, मच्छीमाराच्या घरची. घराजवळ राहून हे काम करायचं तर तिच्यासाठी ही एकच जागा होती.

"काका, उजव्या कुशीवर व्हा. श्वास घ्या. धरा."

डावीकडे काही सापडेना. तिने पाठीकडून पाहिलं.

"ऑपरेशन झालंय कधी?"

"नाही."

मग तिने ओटीपोटावर मशीनचा प्रोब दाबला. मी डोळे मिटले.

"थोडं सोसा, काका. पानी जास्त झालंय तुम्हाला." घाईत घरची बोली बाहेर आली.

दारातून पहिला मुलगा म्हणाला, "अगं, आम्हाला मिळाली. तुझी काय माहेरी गेली?"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"सर, डावी मला दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीच?"

"तिच्या जागी पाहिलं, कधी खाली ओटीपोटात असते म्हणून तिथेही पाहिलं. दिसली नाही, एवढंच मी लिहीन. नाहीच म्हणायला दुसरी तपासणी लागेल."

दारातला मुलगा हसला. तिने प्रोब पुसून ठेवला, पर्स उचलली आणि खुर्चीवरून उठली.

"कुठे निघालीस? बस," डॉक्टर म्हणाले. "बाहेर पेशंट थांबलेत. आधी काकांना सोड."

पोटावरची जेल तशीच ठेवून मी संडास गाठला. परत आलो तेव्हा टेबलावर एक बाई झोपली होती. मुलगी तिला श्वास धरायला सांगत होती आणि डॉक्टर खोलीत नव्हते.