तलासरीच्या सर्व्हरवरचं उघडं दार

डहाणूच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी संगणक सांभाळते. एक सर्व्हर इथे, दुसरा तलासरीच्या आमच्या केंद्रावर. दोन्हींना माणूस मी एकटीच.

त्या सोमवारी सकाळी ईमेल आला. केसपेपर ज्या प्रोग्रॅमवर चालतात त्यात भोक सापडलं होतं. पासवर्ड नसतानाही कुठूनही कुणी आपल्या मशीनला हुकूम सोडावा आणि मशीनने तो मुकाट पाळावा, इतकं मोठं. दुरुस्ती ताबडतोब बसवा, असं लिहिलं होतं. अशा सूचना मोजणं मी कधीच सोडलं होतं. भीती वाटली नाही, नुसता शीण आला.

बाहेर वरोरपासून रानशेतपर्यंतची माणसं बाकांवर बसलेली. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, अर्धा तास सर्व्हर बंद ठेवावा लागेल."

"आज? सोमवारी? आपल्याकडे शिरून कुणाला काय मिळणार?"

"आपण कोण हे त्यांना माहीतही नसतं, सर. दिसेल ते दार ढकलून बघतात."

त्यांनी होकाराची मान हलवली. मी इंटरनेट तोडलं, दुरुस्ती बसवली, नोंदी वाचल्या. दार ढकलल्याच्या खुणा होत्या, पण आत कुणी आलं नव्हतं.

मग तलासरीच्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, मशीनमागची इंटरनेटची निळी वायर काढा."

"ताई, निळ्या दोन आहेत."

"दोन्ही काढा."

जीपने तलासरीला पोचेपर्यंत बारा वाजले. मशीन उघडलं, तर शनिवारी तयार झालेला एक नवा युजर दिसला. नाव म्हणजे नुसती अक्षरं, आणि अधिकार मात्र सगळे. ना मी बनवलेला, ना सिस्टरनी.

तो कसा आला, ते मला लगेच कळलं. दर वेळी एवढं लांब यायचा कंटाळा म्हणून डहाणूहून काम करता यावं, यासाठी मीच या मशीनला बाहेरचं दार उघडून दिलं होतं. चारच दिवस, असं ठरवून. त्याला वर्ष झालं होतं.

परका आत फिरून गेलेल्या मशीनवर भरवसा ठेवता येत नाही. सगळं पुसून नव्याने उभं करायचं ठरलं. शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा, म्हणजे त्यानंतरच्या नोंदी कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरायच्या. त्या परक्याने काय वाचलं, काय नेलं, ते कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, दाराचंही. ते म्हणाले, "वर कळवावं लागेल. माझ्याच नावाने कळवतो."

पुढचे तीन दिवस सिस्टर रजिस्टरमधून वाचत होत्या, मी टाईप करत होते. मध्येच पाड्यावरून एक गरोदर बाई आली. मागच्या तपासणीत अंगात रक्त किती भरलं होतं, असं विचारायला लागली. सिस्टरनी पान काढलं, आकडा सांगितला, गोळ्या दिल्या आणि पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दोन नोंदी उरल्या. एकाच नावाच्या, एकाच पाड्यावरच्या दोन बायका. कुठली तपासणी कुणाची, ते रजिस्टरवरून उलगडेना.

"लिहू का अंदाजाने?" मी विचारलं. पाठ मोडून आली होती.

"नको," सिस्टर चष्मा काढत म्हणाल्या. "उद्या त्या बाजूला जायचंच आहे. विचारून येते."