टोपीवरचं फुलपाखरू

आमचे हेडक्लार्क दर रविवारी येऊरच्या जुन्या रानात एकच फुलपाखरू शोधायचे: पंख मिटले की सुकं पान, उघडले की निळं. त्यासाठी झाडांना कुजकी केळी फासायचे. त्या वासाने येऊरचे वाघ बोरिवलीला राहायला गेले, हे मी ठाण्यात अख्ख्या कोपरीला सांगितलेलं. कुणी काही म्हटलं, की मान डोलावून "रीतसर!" म्हणायची हेडक्लार्कांना सवय.

एकदा मी सोबत गेलो. केळी फासता फासता निम्मी त्यांच्याच टोपीला लागली आणि सात वर्षं न दिसलेलं फुलपाखरू नेमकं तिथेच येऊन बसलं.

"हलू नका! तुमच्या टोपीवर आहे."

ते खांबासारखे थिजले. "पंख उघडलेत का हो?"

"उघडलेत! निळे, मधे नारिंगी पट्टा!"

"रीतसर!" म्हणत त्यांनी मान डोलावली. फुलपाखरू भुर्र. ते वळेपर्यंत रानात नुसती पानं.

सोमवारी मी कचेरीत शपथेवर सांगितलं. "वाघांना भेटायला गेलं असेल!" म्हणत सगळे खो खो हसले.

हेडक्लार्कांनी मात्र आपल्या वहीत 'दिसले' असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. ठाण्यात माझा शब्द खरा मानणारा तेवढा एकच माणूस.