उजेडाकडे बघायचं नाही

माझ्या धाकट्या भावाची बायको वेल्डर आहे. वर्कशॉपमध्ये तिला सगळे मिस्त्री म्हणतात, आणि आता घरातही तेच नाव पडलंय. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे आधीच कबूल करते. माझी उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे माणूस दिसला की त्याला मार्क देऊन मोकळं व्हायची खोड आहे. पहिल्या भेटीत मी तिला काठावर पास केलं होतं.

कामाला मात्र ती वाघ आहे. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी तुळईवर ती निवांत बसते, आणि खाली शिडी धरून उभा असलेला माझा भाऊ वर बघायचंही टाळतो. अडचण एकच होती, चष्मा. उणे सात नंबर, काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. वेल्डिंगच्या मास्कच्या आत घामानं त्यांच्यावर वाफ धरायची. गेट, जाळ्या, जिने यांना ते चालून जातं. पण तिला बॉयलरच्या पाइपांचं काम करायचं होतं. त्याची परीक्षा असते. केलेल्या जोडाचा एक्स-रे काढतात, आत केसाएवढी फट चालत नाही. ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा शेवटच्या वळणावर काचा धुरकटल्या म्हणून. लेन्स लावून पाहिल्या, तर ग्राइंडरच्या धुळीनं डोळे लालभडक.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की लेसरनं नंबर घालवता येईल. तारीख ठरली. मिस्त्रीनं ती पुढे ढकलली, घरी पाहुणे येणार म्हणून. पाहुणे आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी दाढ दुखायला लागली. तिसऱ्या वेळी म्हणाली, कंप्रेसर बिघडलाय, दुकान सोडून कशी येऊ? मी तडक वर्कशॉपमध्ये गेले. कंप्रेसर मजेत चालू होता.

"काय गं, कंप्रेसर लगेच बरा झाला का?" मी विचारलं.

तिनं हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. "ताई, मी अठरा वर्षं एकच गोष्ट पाळलीय. उजेडाकडे बघायचं नाही. बाबांनी हातात होल्डर द्यायच्या आधी ते शिकवलं. आणि आता म्हणतात, उताणी पड आणि उजेडाकडे टक लावून बघ. माझे डोळे ऐकणारच नाहीत. आणि काही चुकून डोळेच गेले, तर मला दुसरं येतं काय?"

मी व्याख्यान तयार ठेवलं होतं, ते गिळलं. तिचं काम मी पाहिलेलं आहे. बारीकसा टाका मारायचा असेल तर ही मंडळी मास्क ओढायचा कंटाळा करतात. जागा बघून घ्यायची, डोळे मिटायचे, होल्डरमधला रॉड टेकवायचा. हातानंच काम होतं. नवीन असताना एकदा तिचे डोळे उघडे राहिले आणि दोन दिवस डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होत होती. ती आग ती विसरली असेल, तिच्या पापण्या विसरल्या नव्हत्या.

मी तिला परत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मिस्त्रीनं त्यांची उलटतपासणीच घेतली. मधेच लाइट गेली तर? बॅटरी आहे. दुखेल? थेंब टाकून डोळा बधिर करतात, दाब जाणवेल. पापणी मिटली तर? चिमटा लावतो, मिटणार नाही. उजेड किती वेळ? एका डोळ्याला तीसेक सेकंद.

"म्हणजे अर्धा रॉड," मिस्त्री पुटपुटली. अख्खा रॉड जळायला मिनिटभर लागतो, तेच तिचं घड्याळ. मग तिनं खरा प्रश्न विचारला, "आणि मी डोळाच फिरवला तर?"

"मशीन आपोआप थांबतं. तुम्ही परत उजेडाकडे बघितलंत की पुढे चालू."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर आम्ही थांबून राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला बाई आवडल्या.

मग पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये तालीम चालली. मिस्त्री कामाच्या टेबलावर उताणी, भावानं तिच्या वर टांगलेला एक हिरवा दिवा, मी डोक्याशी उभी राहून तिच्या पापण्या बोटांनी धरलेल्या, आणि मशीनच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून भाऊ बाजूला ग्राइंडर फिरवतोय. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं. पहिल्या दिवशी पाच सेकंदही जमले नाहीत. शेवटी तीस जमले, पण साध्या दिव्याकडे बघून. खऱ्या उजेडाचं कुणीच सांगू शकत नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तिथं बाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी टीव्ही होता. त्यावर आतला डोळा दिसतो, ताटाएवढा. ही कुणाची कल्पना, देव जाणे. माझा भाऊ एकदा बघून म्हणाला, "मी पाणी पिऊन येतो," आणि जो गेला तो गेला. मी एकटीच बघत होते.

उजवा डोळा. चिमट्यानं पापण्या ताणलेल्या. उजेड सुरू झाला. चार-पाच सेकंद गेले असतील, आणि बुबुळ सर्रकन वर गेलं. पडद्यावर नुसतं पांढरं राहिलं. मशीन थांबलं.

कुणी तिला हात लावला नाही. आतलं सगळं थांबून राहिलं होतं, बाहेर मी थांबून राहिले होते. मग वरून बुबुळाची काळी कड दिसली. परत गेली. परत आली. थरथरत, इंच-इंच म्हणावं तसं ते बुबुळ खाली आलं आणि मधोमध येऊन उभं राहिलं. मशीन सुरू झालं. शेवटपर्यंत बुबुळ थरथरत होतं, पण जागचं हललं नाही. मी भर वेटिंग रूममध्ये मोठ्यानं "शाब्बास" म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं म्हणे, डावा पुढच्या आठवड्यात करूया का? मिस्त्री म्हणाली, "आत्ताच करा. घरी गेले तर परत यायची नाही."

पुढे ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, पण त्या दिवशी आम्हाला ते कुठं ठाऊक होतं? ती डोळ्यांवर पारदर्शक झाकणं लावून बाहेर आली तेव्हा माझा भाऊ कुठूनसा उगवला. "दिसतंय का गं?"

"दिसतंय. घाम फुटलाय तुला," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही बघत होतात ना? मी मधेच पळाले ना?"

"पळालीस," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलवेना. "पण तुला कुणी ओढून आणलं नाही. तुझी तूच परत आलीस."

तिला एकदम रडू फुटलं. डोळे चोळायला सक्त मनाई होती आणि तिचे हात आपोआप वर चालले होते, म्हणून मी दोन्ही मनगटं पकडली. हातभर जुन्या चटक्यांचे डाग होते. तिचं रडून होईपर्यंत मी ते हात सोडले नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि मी ते पहिल्यांदाच हातात घेतले होते.