घरच्या सोयाबीनचं दही

गेल्या दिवाळीनंतर माझं पोट बिघडलं ते महिनाभर ताळ्यावर आलंच नाही. दूध प्यालं की गुडगुड, दही खाल्लं की पोट फुगून नगारा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो तरी पोटाचा आवाज पहिल्या बाकापर्यंत जायचा आणि पोरं खाली माना घालून हसायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "दूध पचत नाही तुम्हाला. काही महिने दूध, दही, ताक, सगळं बंद."

दह्याशिवाय माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही. चार दिवस मी ताटावरून अर्धपोटी उठलो. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "सोयाबीनचं दही करून पाहू का? मोबाइलवर दाखवून राहिले."

मला हसू आलं. कळायला लागल्यापासून आमच्या रानात सोयाबीन पाहतोय, पण घरात त्याचा दाणा कुणी तोंडात टाकलेला आठवत नाही. पोती भरायची आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात न्यायची, एवढाच आमचा संबंध.

तिनं दाणे भिजवले, चोळून टरफलं काढली, वाटून फडक्यातून दूध गाळलं. पहिल्या खेपेला असा कच्चट वास आला की वाटी तशीच मागं सारली. दुसऱ्यांदा विरजलंच नाही. तिसऱ्यांदा तिनं दाणे आधी उकळून घेतले आणि विरजणाऐवजी कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकली. सकाळी भांडं उघडलं तर दही लागलेलं. थोडं तुरट होतं, पण तिखट-मीठ घालून भाकरीशी खाल्लं आणि पोट दिवसभर गप्प राहिलं.

पोट गप्प झालं, माणसं मात्र बोलायला लागली.

थोरले भाऊ शेजारीच राहतात. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बियाण्याचं न्हाई ना घेतलं? त्याला औषध चोळलेलं ऱ्हातं." नाही म्हटल्यावर जवळ सरकून हळूच म्हणाले, "तरी पण खाऊ नको. सोयाबीननं गड्याची छाती बाईसारखी व्हती म्हणतात."

शाळेतला सहकारी नेमका उलटा. "खा बिनधास्त. मटणाची ताकद आहे त्यात." मेडिकलवाल्यानं गोळ्या देता देता विचारलं, "रोज खाता? रोज नका खाऊ." का, ते त्यालाही सांगता येईना.

मी रोज आंघोळीनंतर आरशासमोर सदरा न घालता उभा राहायला लागलो. डावी बाजू जरा जड वाटायची. दुसऱ्या दिवशी उजवी. मधल्या सुट्टीत मोबाइल उघडायचा, एकानं अमृत म्हटलेलं वाचायचं, दुसऱ्यानं विष म्हटलेलं वाचायचं आणि उरलेले तास पोरांना गणितं घालून स्वतः खिडकीशी उभं राहायचं. दोन दिवस दही खायचो, तिसऱ्या दिवशी नको म्हणायचो. बायको वाटी स्वतःपुढं ओढायची.

तीही माझ्यासोबत खायची. "एकट्याला गोड लागत न्हाई तुमाला," म्हणायची. तिला कित्येक वर्षांपासून थायरॉइडची गोळी. गोळी घेतली की लगेच आम्ही दही-भाकरीच्या न्याहारीला बसायचो. मग ती दुपारी झोपायला लागली, फणीत केस जास्त निघायला लागले, आवाज जड झाला. हे सगळं मला दिसत होतं, पण मी माझ्या छातीकडे बघण्यात गुंतलो होतो.

तिच्या थायरॉइडच्या नेहमीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. आकडा फार वाढला होता. ती बचत गटाच्या बैठकीला गेलेली. मी तिथंच उभ्याउभ्या शोधलं आणि 'थायरॉइडवाल्यांनी सोयाबीन टाळावं' एवढं एकच वाक्य वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन दह्याचं भांडं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. भिजत घातलेले दाणेही टाकले.

ती आली, रिकामं भांडं पाहिलं.

"काय केलं हे?"

मी रिपोर्ट पुढं धरला. "माझ्यापायी झालं हे. आता हे घरात नको."

तिनं रिपोर्ट बघितलाही नाही. "दोन महिने हात भरून आले माझे वाटून वाटून. अन् तुमी मला न इचारता फेकलं काहून? दुखणं माझं हाय ना?"

संध्याकाळपर्यंत मी अंगणात नुसता येरझाऱ्या घालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दोघं हिंगोलीला गेलो. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "गोळी कशी घेता?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "दही वाईट नाही. पण गोळीच्या पाठोपाठ खाल्लं की गोळी अंगात पुरती भिनत नाही. गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्या, दही दुपारी खा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

मी छातीचं विचारलं. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "वाटीभर दह्यानं काही होत नाही, गुरुजी."

बाहेर आल्यावर बायको इतकी हसली की रिक्षावाला वळून बघायला लागला.

पुढच्या रिपोर्टात आकडा बराच खाली आला. उन्हाळ्यात मला पुन्हा दूध-दही चालायला लागलं आणि मी म्हशीच्या दह्यावर परतलो. ती मात्र अजून सोयाबीनचंच लावते. "मला आवडतं," म्हणते. माझं मन अजून थाऱ्यावर नाही. ती दुपारी ताटावर बसली की माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.

"पहाटे घेतली ना गोळी?"

"घेतली. तुमी जेवा."